पहिलं नाटक समितीने नाकारलं, शेवटचं पुस्तक डाव्या हाताने लिहिलं : लेखक जोतिराव फुले यांची गोष्ट

भिवंडीत धामणकर नाक्यावर संध्याकाळी बोलायचं म्हणजे जरा ओरडूनच बोलावं लागतं. रिक्षांचे हॉर्न, कापडाचे तागे लादून निघालेले टेम्पो आणि आतल्या गल्ल्यांमधून येणारी लूमची खटखट. तिथेच चहा पिताना एका मित्राने सांगितलं की त्याने लिहिणं बंद केलंय. तो एका लूमच्या कारखान्यात हिशेब ठेवतो आणि रात्री कथा लिहितो. यंदा तिसऱ्यांदा एका दिवाळी अंकाकडून त्याची कथा परत आली होती. कारण दिलं नव्हतं. वही रद्दीत घालणार, असं तो म्हणाला.

त्याला धीर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते, म्हणून एक गोष्ट सांगितली. ती इथे सविस्तर लिहितोय.

महात्मा जोतिराव फुले म्हटलं की आपल्याला भिडे वाडा, मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज आठवतो. शाळेच्या पुस्तकात तेवढंच असतं. पण जोतिराव तब्बल ३५ वर्षं लिहीत होते, आणि त्या ३५ वर्षांत त्यांच्या लिखाणाच्या वाट्याला जे आलं ते वाचलं की वाटतं, दुसरा कोणी असता तर कधीच दौत उलटी करून मोकळा झाला असता.

तर सुरुवात होते १८५५ सालापासून. जोतिराव तेव्हा २८ वर्षांचे. सात वर्षांपूर्वी त्यांनी मुलींची शाळा काढली होती, त्यापायी वडिलांचं घरही सोडावं लागलं होतं. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये आला होता. म्हणजे एकाच घरात दोन लिहिते हात होते. जोतिरावांनी या वर्षी एक नाटक लिहिलं, 'तृतीय रत्न'.

नाटकाची गोष्ट साधी आहे. एका गरीब कुणब्याची बायको गरोदर आहे. एक भटजी दारात येतो, ग्रहांची भीती घालतो आणि त्या घरात नसलेला पैसाही काढायला लावतो. मध्ये मध्ये विदूषक येऊन भटजीचं पितळ उघडं पाडत राहतो. शेवटी नवरा-बायको दोघांनाही कळतं की आपण फसलो ते अक्षर येत नाही म्हणून, आणि ते रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. तिसरं रत्न म्हणजे शिक्षण.

आता काळ लक्षात घ्या. विष्णुदास भावे यांचं 'सीतास्वयंवर' १८४३ मध्ये सांगलीत झालं होतं आणि मराठी रंगभूमीवर देव-दानवांच्या कथाच चालत होत्या. अशा वेळी जोतिरावांनी शेतकऱ्याचं घर आणि त्याचं कर्ज नाटकात आणलं. म्हणूनच आज अनेक अभ्यासक याला आधुनिक मराठीतलं पहिलं सामाजिक नाटक मानतात.

जोतिरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. दक्षिणा म्हणजे पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी रक्कम. इंग्रजांनी पुढे ती कमी करत आणली आणि त्यातला काही पैसा मराठी पुस्तकांच्या बक्षिसांसाठी वळवला. गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, हा पैसा मराठी ग्रंथांकडे वळावा म्हणून पुण्यातल्या सुधारकांनी जी खटपट केली, तिच्या पाठीशी तरुण जोतिरावही उभे राहिले होते. त्याच कमिटीने त्यांचं नाटक नाकारलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतिरावांनी नंतर नोंदवून ठेवलंय. कुठे नोंदवलंय? १८७३ च्या 'गुलामगिरी'त. म्हणजे १८ वर्षांनीही तो नकार ते विसरले नव्हते. थोर माणसांना असल्या गोष्टींचं काही वाटत नसेल, असं आपल्याला उगाच वाटतं.

नाटक बाजूला पडलं. त्यानंतर जोतिरावांचं पुस्तक यायला १४ वर्षं लागली.

ही १४ वर्षं रिकामी नव्हती. शाळा चालल्या होत्या, १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पोटापाण्यासाठी ठेकेदारी होतीच. पण लेखक म्हणून पाहिलं तर ही शांतता मोठी आहे. या काळात त्यांच्या मनात काय चाललं होतं हे कोणी सांगू शकत नाही. १८६९ मध्ये ते परत आले तेव्हा काय घेऊन आले, ते मात्र समोर आहे.

त्यांनी आणला पोवाडा. छत्रपती शिवाजीराजांचा.

इथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते या गोष्टीतला खरा वळणबिंदू हाच आहे. १८५५ मध्ये त्यांनी लिखाण कमिटीपुढे ठेवलं होतं. १८६९ मध्ये त्यांनी कोणत्याच कमिटीचं दार वाजवलं नाही. कुणबी, माळी, महार, मांग यांना कळेल असंच लिहायचं, अवघड संस्कृत शब्द टाळायचे, हे त्यांनी ठरवून केलं. आणि प्रकार निवडला तो वाचता न येणाऱ्यालाही कानाने घेता येईल असा. त्याच वर्षी 'ब्राह्मणांचे कसब'ही आलं, स्वतःच्या खर्चाने छापून. नंतर 'गुलामगिरी' आली, ती संवादाच्या रूपात. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. पुस्तक अर्पण केलं होतं अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या माणसांना. पुण्यातल्या गंज पेठेत राहणारा एक ठेकेदार अमेरिकेतल्या लढ्याशी नातं सांगत होता!

मग विद्वानांनी काय केलं? हसले.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे तेव्हाच्या मराठी गद्यातलं मोठं नाव. वयाने जोतिरावांपेक्षा २३ वर्षांनी लहान. १८७४ मध्ये त्यांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि तिच्यात त्यांनी जोतिरावांच्या पुस्तकांची आणि सत्यशोधक समाजाची यथेच्छ टर उडवली. व्याकरणाच्या चुका, ओबडधोबड वाक्यं, इतिहासाचं ज्ञान, काही सोडलं नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळीच टीका खोटी नव्हती. जोतिरावांचं वाक्य अनेकदा लांबत जातं, आणि पुराणकथांमधून त्यांनी मांडलेला इतिहास आजचे इतिहासकार जसाच्या तसा मान्य करत नाहीत. पण शास्त्रीबुवा ज्या वाचकासाठी लिहीत होते, तो जोतिरावांचा वाचक नव्हताच. शेतात राबणाऱ्या माणसाने आपल्या बोलीत पुस्तक ऐकावं, ही कल्पनाच 'निबंधमाले'च्या हिशेबात बसत नव्हती.

जोतिरावांनी आपली भाषा बदलली नाही.

परक्यांचं हसणं एक वेळ सोसता येतं. आपल्याच माणसाने हात आखडला तर? तेही झालं.

१८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. शेतकरी का नागवला जातो याचा असा ताळेबंद मराठीत त्याआधी कोणी मांडला नव्हता. जंगल खातं, पाटबंधाऱ्याचं पाणी, सावकार, कोर्टकचेऱ्या, लग्नातला खर्च, सगळं त्यात आहे. तो छापायचा कुठे? सत्यशोधकांचं स्वतःचं पत्र होतं, 'दीनबंधु'. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ते पुण्यात सुरू केलं आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे ते मुंबईतून चालवत होते. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांच्या चळवळीचे जनक, रविवारच्या सुट्टीसाठी लढलेले. माणूस कच्च्या काळजाचा नव्हता. तरीही 'असूडा'ची सुरुवातीची प्रकरणं छापून त्यांनी पुढची थांबवली. मजकूर फार जहाल आहे, सरकार काय करेल सांगता येत नाही, अशी धास्ती होती. जोतिराव संतापले आणि लोखंड्यांना भित्रं ठरवून मोकळे झाले. पत्र चालवणाऱ्याची जबाबदारी पाहता मला लोखंड्यांचीही बाजू थोडी कळते. पण लेखकाच्या जागी बसून बघा.

मात्र जोतिराव छपाईची वाट बघत बसलेच नव्हते. प्रकरण तयार झालं की ते घेऊन गावी जायचं आणि शेतकऱ्यांना गोळा करून वाचून दाखवायचं, हे त्यांचं आधीपासून सुरू होतं. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, अशी गावांची यादीच त्यांनी प्रस्तावनेत दिली आहे. ऐकणाऱ्यांनी यातलं सगळं खरं आहे म्हणून सह्या पाठवल्या, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. आज आपण पुस्तकाच्या मागे नामवंतांचे अभिप्राय छापतो. जोतिरावांनी अभिप्राय घेतला तो ज्याच्यावर पुस्तक लिहिलं त्या माणसाचा. आणि ठाण्याचं नाव त्या यादीत आहे, म्हणजे 'असूड' आपल्या भिवंडीच्या अगदी शेजारी येऊन गेला होता.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाची ही सुरुवातीची पायरी. जोतिरावांना बोलावणं आलं. ३० वर्षांपूर्वी ज्याला दारातून परत पाठवलं, त्याला आता आत या म्हणत होते. जोतिरावांनी नकार कळवला. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या लोकांच्या दुःखाला जागा नाही त्यांच्यात मिसळून आमचं काही होणार नाही, आमचं आम्ही बघू, असा त्या पत्राचा रोख होता.

याच वर्षीची आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. पुरुषांचा दुटप्पीपणा त्यांनी इतका सरळ मांडला की टीकेचा पाऊस पडला, आणि नाराज होणाऱ्यांत सत्यशोधक मंडळीही होती. जोतिरावांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. खचून थांबलेल्या लेखणीचं उदाहरणही त्याच काळात, इतकं जवळ आहे.

जुलै १८८८. दोनच महिन्यांपूर्वी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली होती. आणि आता पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू गेली, म्हणजे लिहिता हातच गेला. वय ६१. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. घरात पैशाची ओढाताण होती.

त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. जन्मभर उजव्या हाताने लिहिलेल्या माणसाने कधी डाव्या हाताने नुसती सही करून बघावी, मग या गोष्टीचा अंदाज येतो. अशा अवस्थेत त्यांनी एक आख्खा ग्रंथ पुरा केला, 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक'. त्याचं रूप पुन्हा तेच, एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने सांगायचं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. पुस्तक छापलेलं त्यांनी पाहिलं नाही. दत्तक मुलगा यशवंत याने ते १८९१ मध्ये प्रसिद्ध केलं.

आणि ते १८५५ चं नाटक? ते १९७९ मध्ये 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात छापून आलं. लिहिल्यानंतर १२४ वर्षांनी.

मित्राने चहा संपवला. नाटकाचं त्याला विशेष वाटलं नाही, १२४ वर्षं थांबायला आपल्याला वेळ नाही म्हणाला. त्याने दुसरंच काही विचारलं. ते गावोगाव वाचून दाखवायचे तेव्हा एका वेळी किती वाचायचे, आणि दिवसभर राबून आलेली माणसं झोपत नसत का? मला उत्तर देता आलं नाही. पाळी बदलायला अजून २० मिनिटं होती. कारखान्याच्या दाराशी चार-पाच कारीगर बसले होते. वही त्याच्या पिशवीतच होती.