विनय आणि श्रद्धा यांचा संगम : राष्ट्रसंत आचार्य पू. श्री आनंदऋषीजी म. सा.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चिचोंडी या छोट्या गावी १९०० साली नेमिचंद नावाचा बालक जन्मास आला. मातोश्री हुलासाबाईंच्या संस्कारांत तो वाढला. १९१३ साली मिरी येथे पू. रत्नऋषीजी म. सा. यांच्या चरणी त्याने भागवती दीक्षा अंगीकारली आणि तो मुनी आनंदऋषी झाला. संस्कृत, प्राकृत व अनेक भाषांचा अभ्यास करून मुनिश्रींनी आगमांचे सखोल अध्ययन केले. श्रावकांनाही शास्त्राचे ज्ञान व्हावे म्हणून १९३६ साली पाथर्डी येथे त्यांच्या प्रेरणेने धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले.

पुढे ते ऋषी संप्रदायाचे आचार्य झाले. त्या काळी स्थानकवासी समाज अनेक संप्रदायांत विभागलेला होता आणि प्रत्येकास आपलीच परंपरा शुद्ध वाटत असे. १९५२ साली राजस्थानातील सादडी येथे साधुसंमेलन भरले. एक संघ व्हायचा तर एकच आचार्य हवा, आणि त्यासाठी इतरांनी पदत्याग करणे प्राप्त होते. आनंदऋषीजींनी आपले आचार्यपद संघास अर्पण केले. पू. आत्मारामजी म. सा. श्रमण संघाचे प्रथम आचार्य झाले आणि आनंदऋषीजींनी त्यांच्या आज्ञेत राहून प्रधानमंत्रिपदाची सेवा पत्करली.

वीतराग प्रभूंच्या वाणीवर त्यांची अढळ श्रद्धा होती. मग संप्रदायाचा आग्रह सोडताना ती श्रद्धा उणी झाली काय? मुळीच नाही. सत्य पूर्ण आहे, परंतु ते पूर्णत्वाने जाणणारे केवळ केवलज्ञानीच. आपण छद्मस्थ जीव ताग्याची एक घडी पाहतो आणि सारा तागा पारखला असे समजतो. अनेकांताची शिकवण हीच आहे : श्रद्धा प्रभुवचनावर असावी, स्वतःच्या आकलनाचा अहंकार नसावा. विनयाची गणना आभ्यंतर तपात झाली आहे, ती याचसाठी.

१९६२ साली आत्मारामजींचा स्वर्गवास झाल्यावर संघाची धुरा याच विनयशील संतांकडे आली. सुमारे तीन दशके त्यांनी ती सांभाळली. २८ मार्च १९९२ रोजी अहमदनगर येथे ते कालधर्म पावले. २००२ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

रावेत परिसरात आज गावोगावची, निरनिराळ्या आम्नायांची जैन कुटुंबे एकत्र नांदत आहेत. पंथ, पद आणि मान यांवरून मन दुखावण्याचे प्रसंग येथेही येतात. अशा वेळी सादडीचे ते पदसमर्पण आठवावे. गुरुदेवांना हीच खरी भावांजली ठरेल.