डॉ. सलीम अली : पक्षी बघत राहिलेला माणूस

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, १२ तारीख सलीम अलींच्या. वर्गात सांगता येईल म्हणून सलीम अलींची थोडी गोष्ट.

जन्म १८९६, मुंबई. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी खेतवाडीत वाढवलं. हातात एअरगन होती. एकदा पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला पोरगं थेट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला हाकललं नाही, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. सगळं तिथून सुरू झालं.

पुढे मात्र सरळ काही झालं नाही. पदवी नाही म्हणून प्राणिशास्त्र सर्वेक्षणातली नोकरी हुकली. मुंबईच्या म्युझियममध्ये गाईड लेक्चरर झाले, रजा घेऊन जर्मनीत शिकून आले, तर १९३० मध्ये ती जागाच रद्द झालेली! मग पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरणीचे खोपे तासन्‌तास बघत बसले.

काय दिसलं? खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तरच संसार. मग नर तो पूर्ण करतो आणि शेजारी दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा सुरू करतो. बहिणाबाईंची सुगरणीवरची कविता शिकवताना हे जरूर सांगा. कविता काही कमी होत नाही, उलट पोरं खोप्याखाली जाऊन उभी राहतात!

१९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. आपला जालना तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये आलं, ते आजही हाताशी असावं असं आहे.

आपल्या जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. जवळ पैठणचा नाथसागर आहे, हिवाळ्यात तिथे सहल न्या. पण कधी राजस्थानात गेलात तर भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान चुकवू नका. तिथे १९३८ मध्ये व्हाईसरॉयच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले होते. पुढे हे पाणथळ आटवून शेती करायची मागणी झाली, तेव्हा ते वाचवायला सलीम अली थेट नेहरूंपर्यंत गेले.

याच भरतपूरचा दुसरा भाग आपण बहुधा मुलांना सांगत नाही. म्हशी पाणथळाचं नुकसान करतात, असं सलीम अली आणि त्यांच्या संस्थेचं मत होतं. १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी विरोधात उतरले, पोलिसांच्या गोळीबारात काहींचे जीव गेले. मला वाटतं, हा भाग आठवी-नववीच्या मुलांना सांगायलाच हवा.

सलीम अली १९८७ मध्ये गेले. त्यांच्याच संस्थेचे अभ्यासक तिथे वर्षानुवर्षं नोंदी करत होते. म्हशी गेल्यावर गवत बेसुमार वाढलं, पाणी झाकलं गेलं, आणि पाणपक्ष्यांना जागा कमी पडू लागली. म्हशी ते गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या. संस्थेनं हा निष्कर्ष आपल्या अहवालात जसाच्या तसा लिहिला.