मोडा, जोडा, उडवा : आर्थर यंगची गोष्ट

हेलिकॉप्टर म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, सिकोर्स्की. जनरल नॉलेजच्या पुस्तकात तेच, क्विझमध्येही तेच. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. मित्रांनो, एखादं जुनं रिमोटवरचं मॉडेल हेलिकॉप्टर हातात आलं तर त्याचं डोकं नीट बघा. दोन मोठ्या पात्यांना काटकोनात एक बारीक दांडी बसवलेली दिसेल. मॉडेलवाली मुलं तिला फ्लायबार म्हणतात. अनेकांना ती शोभेची वाटते. ती काढली तर मात्र ते हेलिकॉप्टर हवेत सांभाळणं फार अवघड होऊन बसतं.

ही दांडी ज्याच्या डोक्यातून आली, त्याचं नाव आर्थर मिडलटन यंग. हा माणूस एअरोनॉटिकल इंजिनिअर नव्हता. त्याच्याकडे कंपनी नव्हती, सरकारी ग्रँट नव्हती. एक शेतघर होतं आणि त्यात मोडक्या मॉडेल्सचा ढीग होता. त्या ढिगाऱ्यातून जगातलं पहिलं नागरी परवाना मिळालेलं हेलिकॉप्टर तयार झालं.

यंगचा जन्म ३ नोव्हेंबर १९०५ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील अमेरिकन. वडील चार्ल्स मॉरिस यंग हे निसर्गचित्रं काढणारे चित्रकार. घरची परिस्थिती चांगली होती, त्यामुळे नोकरीची घाई नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची तेरा वर्षं त्याने जे केलं ते पगारावर जगणाऱ्या माणसाला परवडलं नसतं. १९२७ मध्ये तो प्रिन्स्टनमधून पदवीधर झाला. विषय गणित, आणि रिलेटिव्हिटीचं वेड. त्याला खरं म्हणजे फिलॉसॉफर व्हायचं होतं. सगळं विश्व कसं चालतं याची एक थिअरी मांडायची होती.

पण लवकरच त्याच्या लक्षात आलं की नुसत्या विचारांना कोणी अडवत नाही. कागदावर काहीही सिद्ध करता येतं. आपण चुकतोय हे ठणकावून सांगणारं कोणीतरी समोर हवं, आणि ते काम यंत्राइतकं चोख कोणी करत नाही. म्हणून त्याने ठरवलं की आधी एखादा कठीण आणि न सुटलेला प्रॉब्लेम सोडवायचा, फिलॉसॉफी नंतर. १९२८ मध्ये तो लायब्ररी आणि पेटंटचे कागद धुंडाळत फिरला. अँटन फ्लेटनर या जर्मन संशोधकाच्या पुस्तकात त्याला एका मोठ्या पवनचक्कीचं चित्र दिसलं. तिच्या पात्यांवर छोटे प्रोपेलर होते. तेव्हा त्याला वाटलं, हीच कल्पना उलटी करून हेलिकॉप्टर का बनवू नये? मोठी पाती, त्यांच्यावर छोटे प्रोपेलर, आणि त्या प्रोपेलरच्या जोरावर रोटर फिरवायचा. प्रॉब्लेम ठरला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढा.

पेनसिल्व्हेनियातल्या रॅडनॉर इथे वडिलांच्या जागेत त्याने काम सुरू केलं. आधी रबर बँडवर चालणारी मॉडेल्स, मग विजेच्या मोटरवर चालणारी. यश आलं की पुढचं मॉडेल आणखी मोठं, असा क्रम होता. वर्षामागून वर्षं गेली. शेवटी एक मोठं यंत्र तयार झालं. ते चाचणीतच तुटलं. जवळजवळ दहा वर्षांची मेहनत काही क्षणांत भंगारात गेली.

आपण काय केलं असतं? बहुतेक जाड पाती बसवली असती, शाफ्टचा व्यास वाढवला असता, वेल्डिंग पक्कं केलं असतं. वर्कशॉपमध्ये काही तुटलं की आपला पहिला विचार हाच असतो, पार्ट अजून मजबूत पाहिजे. यंगने उलटं केलं. त्याने यंत्र लहान केलं.

१९३८ मध्ये फिलाडेल्फियाला फिरत्या पंखांच्या विमानांवर एक परिषद झाली. तिथे त्याने सिकोर्स्कीचं भाषण ऐकलं. वर एक मोठा रोटर आणि शेपटीला एक छोटा, ही साधी मांडणी त्याला पटली. पात्यांवरच्या प्रोपेलरची कल्पना, जिच्यावर इतकी वर्षं घालवली होती, ती त्याने सोडून दिली. ही गोष्ट वाचायला सोपी आहे. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात स्वतःचं डिझाइन टाकून देऊन बघा, म्हणजे कळेल.

त्याच सुमारास त्याने पाओली गावात एक जुनं शेतघर घेतलं आणि तिथल्या धान्याच्या कोठारात वर्कशॉप थाटलं. आता मॉडेल्स छोटी होती, विजेच्या मोटरची. करंट वायरमधून जायचा आणि कंट्रोलही वायरमधूनच. आपल्या रेडिओ रिमोटचा हा थोरला भाऊच म्हणायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे, मॉडेल मोडलं तरी झटपट दुरुस्त करता येईल अशी रचना त्याने केली. आधी एका क्रॅशनंतर महिने जात. आता मोडलं की जोडायचं आणि पुन्हा उडवायचं. क्रॅश ही आता दुर्घटना राहिली नाही, ते एक रीडिंग झालं.

या रीडिंगमधून खरा आजार कळला. मॉडेल वर उचललं जायचं, क्षणभर स्थिर वाटायचं, मग एका बाजूला सरकायचं, परत फिरून दुसऱ्या बाजूला जरा जास्त सरकायचं. झोका प्रत्येक फेरीला मोठा होत जायचा आणि शेवटी मॉडेल जमिनीवर आपटायचं. पाती कितीही मजबूत केली तरी हा झोका थांबणार नव्हता. कारण तुटणं हा आजार नव्हता, तो शेवट होता. आजार असा होता की मशीनचं अंग कलंडलं की रोटरही त्याच्याबरोबर कलंडायचा. रोटरला स्वतःची अशी क्षितिजाची समजच नव्हती.

यंगने ती समज एका दांडीतून दिली. पात्यांना काटकोनात एक दांडी आणि तिच्या दोन टोकांना वजनं. रोटरबरोबर तीही गरगर फिरते. लहानपणी भोवरा सगळ्यांनीच फिरवलाय. जोरात फिरणारा भोवरा आपली पातळी सहजासहजी सोडत नाही. तसंच या दांडीचं. हेलिकॉप्टरचं अंग आणि शाफ्ट कलंडला तरी दांडी लगेच कलंडत नाही, ती जवळपास आडवीच फिरत राहते. दांडी आणि पाती छोट्या लिंकने जोडलेली असतात. शाफ्टची पातळी आणि दांडीची पातळी यांत फरक पडला की लिंक पात्यांचा पिच, म्हणजे पात्याचा कोन, बदलते. मग पाती दांडीच्या पातळीत येतात. म्हणजे रोटर आता अंगाचं ऐकत नाही, दांडीचं ऐकतो. झोका तिथेच मरतो. याला पुढे स्टॅबिलायझर बार हे नाव पडलं.

यानंतर त्याचं मॉडेल इतकं आज्ञाधारक झालं की तो ते कोठाराच्या दारातून बाहेर उडवत न्यायचा आणि परत आत आणायचा. यात सेन्सर नाही, मायक्रोकंट्रोलर नाही. फक्त एक दांडी, दोन वजनं आणि दोन-चार लिंक.

आता हे मॉडेल कोणाला तरी दाखवायचं होतं. सप्टेंबर १९४१ मध्ये यंगने न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथे बेल एअरक्राफ्टच्या कारखान्यात ते उडवून दाखवलं. मालक लॅरी बेल लढाऊ विमानं बनवण्यात गुंतलेला होता, तरी त्याला त्यातलं मर्म कळलं. करार झाला. यंगने पेटंट कंपनीला द्यायची आणि कंपनीने माणूस बसेल अशी दोन हेलिकॉप्टर्स बनवायची. नोव्हेंबरमध्ये यंग आणि त्याचा बालमित्र बार्ट्रम केली बफेलोला पोचले.

मोठ्या कारखान्यात त्याचं जमेना. इकडे ड्रॉइंग मागायचे आणि यंगकडे ड्रॉइंगऐवजी मॉडेल होतं. शेवटी १९४२ मध्ये त्याला गावाबाहेर, गार्डनव्हिल इथे, मोटारगाड्यांच्या एका जुन्या एजन्सीत वेगळी जागा मिळाली. छोटी टीम, सगळे एका छताखाली. ज्याने पार्ट काढला त्यानेच तो बसवायचा आणि मोडला तर त्यानेच बघायचा. डिसेंबर १९४२ मध्ये बेल मॉडेल ३० बाहेर आलं. रोटरचा व्यास ३२ फूट. लाडाचं नाव जेनेव्हीव्ह. दोर बांधून घेतलेल्या पहिल्या उड्या यंगने स्वतः मारल्या. नंतर फ्लॉइड कार्लसन हा मुख्य पायलट झाला.

इथे गोष्टीला एक छान वळण आहे. वेग वाढवायला लागल्यावर रोटरच्या प्रत्येक फेरीला दोनदा असा जोरदार थरथराट येऊ लागला. मशीन पुढे जाऊच देईना. यंग आणि केलीने शोध घेतला, तेव्हा लक्षात आलं की रोटर फिरण्याच्या पातळीतच पुरेसा ताठ नाही. मग त्यांनी रोटरला आडवे आधार देऊन तो ताठ केला. थरथराट आटोक्यात आला आणि वेग वाढला. म्हणजे यंग मजबुतीच्या विरुद्ध होता असं अजिबात नाही. आधी कारण, मग मजबुती, हा त्याचा क्रम होता. कोठारातल्या झोक्यावर मजबुती हे औषध नव्हतं. गार्डनव्हिलच्या थरथराटावर होतं.

१९४३ मध्ये चाचण्यांत मोडतोड झाली, मशीन परत उभं राहिलं. पण काम खरंच उपयोगाचं आहे हे १९४५ ने दाखवलं. जानेवारीत बेलचा टेस्ट पायलट जॅक वूलम्सला जेट विमानातून पॅराशूटने उडी मारावी लागली. बाहेर बर्फच बर्फ. कार्लसनने हेलिकॉप्टरमधून डॉक्टरला त्याच्यापर्यंत नेलं. मार्चमध्ये ईरी सरोवराच्या बर्फावर अडकलेल्या दोन मच्छीमारांना त्याने उचलून आणलं. कोठारात झोके खाणाऱ्या मॉडेलचे हे वंशज आता माणसांचे जीव वाचवत होते.

८ डिसेंबर १९४५ ला बेल ४७ उडालं आणि ८ मार्च १९४६ ला त्याला अमेरिकेत नागरी वापराचं सर्टिफिकेट मिळालं. जगातलं पहिलं. जुन्या सिनेमांत दिसतं ना, पुढे काचेच्या फुग्यासारखं केबिन आणि मागे उघडी जाळीची शेपटी, तेच हे. तो फुगाही यंगचीच कल्पना. कोरियाच्या युद्धात याच्या दोन्ही बाजूंना स्ट्रेचर बांधून हजारो जखमींना हॉस्पिटलपर्यंत नेलं गेलं. आपल्या भारतीय हवाई दलानेही ही बेल ४७ वापरली. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत आणि इतर देशांत मिळून साडेपाच हजारांहून जास्त तयार झाली. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने एक बेल ४७ आपल्या संग्रहात घेतलं. चित्रकाराच्या मुलाचं यंत्र आर्ट म्युझियममध्ये!

आणि यंग? १९४७ मध्ये त्याने बेल कंपनी सोडली. यश हातात असताना. प्रॉब्लेम सुटला होता, आता फिलॉसॉफी. १९७६ मध्ये त्याची विश्वाच्या रचनेवरची पुस्तकं आली. ती सगळ्यांना पटली असं नाही, आणि शास्त्रज्ञांनी त्यांना फारशी दादही दिली नाही. पण बावीसाव्या वर्षी स्वतःला दिलेला शब्द त्याने पाळला. ३० मे १९९५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे तो वारला.

त्याची दांडी मात्र मॉडेल्समध्ये परत आली. स्टॅनली हिलर या दुसऱ्या तरुण अमेरिकन संशोधकाने वजनांच्या जागी छोटे पॅडल वापरले होते. १९७० च्या दशकात रेडिओ कंट्रोलची हेलिकॉप्टर्स बाजारात आल्यावर पुढे दोघांच्या युक्त्या एकत्र झाल्या. म्हणून मॉडेलवाले आजही बेल-हिलर मिक्सिंग म्हणतात. आज बहुतेक मोठ्या मॉडेल्समधून दांडी गेली, तिचं काम जायरो सेन्सर आणि सॉफ्टवेअर करतं. पण शाफ्टवर विश्वास न ठेवता दुसरा एक संदर्भ धरायचा, ही मूळ कल्पना तीच.

ज्यांना हा छंद आहे त्यांनी यंगची आठवण एका ठिकाणी जरूर ठेवावी. प्लास्टिकचं रोटर हेड तुटलं की सगळ्यात आधी ॲल्युमिनियमचं मागवावंसं वाटतं. दिसतं झकास. घासलेला, ढिला झालेला पार्ट बदलून घट्ट बसणारा मेटल पार्ट लावला तर कंट्रोल नेमका होतो, हेही खरं. पण क्रॅशचा धक्का कुठेतरी जाणारच. हेड तुटलं नाही तर तो खाली जातो आणि शाफ्ट वाकतो, गिअरचे दात उडतात, सर्व्हो जातो. स्वस्त पार्ट तुटणं हे कधीकधी फ्यूज उडण्यासारखं असतं. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नये हे तर आपल्या हॉस्टेलच्या वायरमनलाही माहीत आहे. म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारायचं, हे तुटलं का? पाती बॅलन्स नव्हती? बेअरिंग गेलं होतं? लिंक ढिली होती? शाफ्ट आधीच वाकलेला होता? उत्तर मिळालं तर मग खुशाल मजबूत करा.

आपल्याकडे प्रोजेक्ट डेमोच्या दिवशी मोडला की सगळं संपल्यासारखं वाटतं. यंगने तेरा वर्षांत किती मॉडेल्स मोडली असतील याचा विचार करा. त्याची हुशारी होती मोडणं स्वस्त करण्यात आणि प्रत्येक तुकड्याला प्रश्न विचारण्यात. तेव्हा मित्रांनो, यंदा प्रोजेक्ट जानेवारीत नाही, ऑगस्टमध्ये सुरू करा. छोटा करा. मोडायला वेळ ठेवा.