दख्खनचा जमाखर्च

औरंगजेबाच्या अपयशाची मीमांसा आपल्याकडे बहुधा त्याच्या धर्मवेडापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. १६७९ साली त्याने पुन्हा लादलेला जिझिया पाहता ते अस्वाभाविकही नाही. परंतु अकबराने उभारलेली राज्ययंत्रणा मोडकळीस का आली, हे समजण्यासाठी त्याच्या दौलतीची खतावणीही उघडावी लागते.

दाहोद येथे १६१८ साली जन्मलेला हा शहाजादा तरुणपणी दोनदा दख्खनचा सुभेदार होता. दुसऱ्या खेपेस, १६५३ ते १६५७ या काळात, त्याने मुर्शिद कुली खान या कर्तबगार दिवाणाकरवी जमिनीची मोजणी करविली, उजाड गावे वसविण्यासाठी रयतेला तगाई दिली. तरीही प्रांताचे उत्पन्न खर्चाला पुरत नाही, ही शहाजहानकडे त्याची सततची तक्रार असे. दख्खन हा तुटीचा सुभा आहे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

तोच औरंगजेब १६८१ मध्ये बादशहा म्हणून दक्षिणेत उतरला आणि पुन्हा उत्तरेस गेला नाही. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. नकाशावर साम्राज्य विस्तारले. पण मनसबदाराचे वेतन म्हणजे त्याला नेमून दिलेल्या जहागिरीचा वसूल. बुडालेल्या राज्यांचे सरदार आणि फितविलेले मराठे यांना मनसबी मिळत गेल्या; जहागिरी अपुऱ्या पडल्या. त्यातच मोहिमांच्या खर्चासाठी नव्या मुलखाचा बराच चांगला भाग बादशहाने खालशात ठेवला, तेव्हा ही टंचाई काही अंशी त्याच्याच हातची. जहागीर मिळाली तरी कागदावरची जमा व प्रत्यक्ष वसूल यांचा मेळ नसे. मग मनसबदार ठरल्यापेक्षा कमी स्वार बाळगी आणि कित्येकदा मराठ्यांना गुपचूप चौथाई देऊन स्वतःपुरती शांतता विकत घेई. भार अखेर रयतेवरच.

जिंजी घेण्यास आठ वर्षे लागली. पुढे साताऱ्यापासून तोरण्यापर्यंत एकेका किल्ल्यासाठी वेढे पडले, अनेकदा पैसे मोजून ते उठले, आणि बादशहाची पाठ वळताच मराठ्यांनी किल्ले परत घेतले. बंगालचा वसूल या छावणीत ओतला जात होता. १७०७ साली अहमदनगरच्या मुक्कामी बादशहा वारला. त्यानंतर अवघ्या १२ वर्षांनी, १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतले.