बहात्तर गावांचा राजा

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी आली, की पुण्या-मुंबईच्या गाड्या महाबळेश्वरची वाट धरतात. मी वाचकांना सुचवीन, एकदा सुरूरच्या फाट्याला वळू नका. सरळ साताऱ्याला जा आणि तिथून पूर्वेला रहिमतपूरचा रस्ता धरा. या वाटेवर थंड हवा नाही, स्ट्रॉबेरी नाही. ज्वारीची शिवारे, उघडेबोडके माळ आणि एखादी चहाची टपरी एवढेच दिसेल. पुढे औंध लागते. पुण्याजवळचे औंध नव्हे. खटाव तालुक्यातले, यमाईचे औंध.

गावाबाहेर टेकडी आहे. माथ्यावर मूळपीठाची यमाई, आणि टेकडीच्या चढणीवर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. बाहेरून पाहणाऱ्याला आत काय आहे याची कल्पना येत नाही. आत राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, किरात-अर्जुनाच्या कथेवरची नाजूक पहाडी लघुचित्रे आहेत. हस्तिदंताचे आणि चंदनाचे कोरीवकाम आहे, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या प्रतिकृती आहेत. आणि ज्याच्या शिल्पांसमोर लंडन-न्यूयॉर्कमध्ये लोक थांबून राहतात, त्या हेन्री मूरचे माता आणि बालक हे शिल्पही इथे आहे. आमच्याबरोबर आलेल्या नातवाने एवढेच विचारले, की आजोबा, हे सगळे इथे या खेड्यात कोणी आणून ठेवले?

ठेवणारा माणूस म्हणजे औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म २४ ऑक्टोबर १८६८. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झालेले, पुढे मुंबईत कायद्याचा अभ्यास केलेले. १९०९ मध्ये ते गादीवर बसले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. राज्य म्हणाल तर अवघी बहात्तर गावे, तीही सलग नव्हेत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ थेट विजापुराकडे. त्यात बराचसा मुलूख दुष्काळी. थोडक्यात, गादी होती, पण खजिन्याचा खणखणाट नव्हता.

या राजाला छंद मात्र मोठ्या दरबाराला शोभतील असे होते. ते स्वतः चित्रे काढीत. त्यांचे चित्ररामायण १९१६ मध्ये छापून निघाले. अजिंठा आणि वेरूळ यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. ते कीर्तन करीत. राजा कीर्तनाला उभा राहिलेला पाहणे हे औंधच्या प्रजेला नवलाचे राहिले नव्हते. सूर्यनमस्कार तर त्यांचे व्रतच होते. ते स्वतः रोज नमस्कार घालीत, घरच्यांना घालायला लावीत, आणि संस्थानच्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांना या वयातल्या त्यांच्या शरीराचे कौतुक वाटले, आणि १९३८ मध्ये सूर्यनमस्कारांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आज जगभर योगवर्गांत जे घातले जातात, त्या नमस्कारांच्या प्रचारात या आडगावच्या राजाचा वाटा मोठा आहे.

देण्याच्या बाबतीतही त्यांचा हात आपल्या ऐपतीकडे पाहत नसे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे मनात घेतले, तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. ते काम पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. पंडित सातवळेकर आपले वेदांचे काम घेऊन औंधला स्थायिक झाले, तेही याच आश्रयाने.

औंधला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दक्षिणेला निघावे. कुंडलच्या जवळ किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात नांगर करीत. शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यायला पटवण्यातच वर्षे गेली होती, आणि तेवढ्यात कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी बाळासाहेबांनी कुंडलरोड स्टेशनलगत त्यांना ३२ एकर माळरान दिले आणि वर कर्जही दिले. साल १९१०. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज वाचले. आधी तारण पाहायचे, मग धंद्याची उलाढाल, मग माणूस, असा आमचा क्रम. त्या क्रमाने गेलो असतो तर लक्ष्मणरावांचा अर्ज मी शेरा मारून परत पाठवला असता. औंधच्या राजाने क्रम उलटा लावला. आधी माणूस पाहिला. पुढे त्या माळावर कारखाना उभा राहिला, कामगारांची वसाहत झाली, आणि मराठी घराघरांत पोचलेली मासिकेही तिथूनच निघाली.

पण माझ्या मते त्यांची खरी कसोटी लागली ती सत्तरीत. मुलगा अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून आला होता. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनिअर, जो पुढे भारतीयच होऊन गेला, त्याचा औंधशी संबंध आला होता. १९३८ मध्ये बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरवले. अप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गेले, गांधीजींनी राज्यघटनेच्या आराखड्यात स्वतः लक्ष घातले, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती औंधला लागू झाली. गावाने आपले पंच निवडायचे, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तालुक्यांतून राज्याची सभा बनायची. कारभाराची सुरुवात खालून होणार होती. बेचाळीसच्या चळवळीत कुंडल हे प्रतिसरकारचे मोठे ठाणे होते आणि भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळे, हेही लक्षात ठेवायला हवे.

कोणी म्हणेल, बहात्तर गावांची सत्ता सोडण्यात एवढे काय? वर इंग्रज होताच. मलाही ही शंका आली. पण लहान संस्थाने तेव्हा शेकड्यांनी होती. राज्य लहान असले की ते सोडणे सोपे जाते, असे असते तर सोडणाऱ्यांची रांग लागली असती. उलट अनुभव असा, की मूठ जितकी लहान तितकी ती घट्ट आवळली जाते. शाखेतल्या छोट्या खुर्च्यांवरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

सहलीचा शेवटचा टप्पा आटपाडी. विट्यावरून तिकडे जाता येते. इथेच १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न कोंडता जमीन द्यायची, बायकामुलांसह राहू द्यायचे आणि विश्वासावर सोडायचे, अशी ही कल्पना होती. ती फ्रीडमनची, पण तिच्यापायी काही विपरीत घडते तर बोल लागणार होता राजाला. १९५७ मध्ये व्ही. शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला तो याच प्रयोगावरून. त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, जे औंध संस्थानातच वाढले आणि औंधच्या शाळेत शिकले. स्वतंत्रपूरची खुली वसाहत पुढे सरकारनेही चालू ठेवली.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब गेले. प्रयोगाला जेमतेम नऊ वर्षे मिळाली, त्यामुळे तो यशस्वी झाला असता की फसला असता, याचा निकाल लागलाच नाही.

औंधच्या संग्रहाविषयी एक प्रश्न मनात येतोच. असला ठेवा आडबाजूला का ठेवावा? मुंबईत असता तर लाखो लोकांनी पाहिला असता. हिशेबाला हे बरोबर आहे. पण बाळासाहेबांनी १९३८ मध्ये संग्रहालय सुरू केले आणि त्याच वर्षी सत्ता सोडण्याचे ठरवले, हे मला एकाच वहीतले दोन व्यवहार वाटतात. जे उत्तम आहे ते आधी आपल्या गावच्या माणसाला मिळावे, मग ते हेन्री मूरचे शिल्प असो की राज्यकारभार. यमाईच्या दर्शनाला टेकडी चढणारा शेतकरी वाटेत ही चित्रे पाहील, एवढा त्यांचा त्याच्यावर भरवसा होता. तेव्हा देवळापर्यंत गेलात तर चढणीवर थांबा, आणि त्या दालनांसाठी चांगला अर्धा दिवस हाताशी ठेवा.