नामदार गोखले आणि छातीचे दुखणे

दरवर्षी १९ फेब्रुवारी उजाडला की खांदेश्वर, कामोठे, पनवेल परिसरातील रस्ते भगव्या पताकांनी सजतात. शिवजयंतीच्या उत्साहात, याच तारखेला महाराष्ट्राच्या आणखी एका थोर पुत्राची पुण्यतिथी असते, याचे स्मरण फारशा कुणाला राहत नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते. खांदेश्वर स्थानकावरून सकाळची लोकल पकडून सव्वा तासाच्या प्रवासाला निघणाऱ्या कितीतरी नोकरदारांचे आज तेच वय आहे.

गोखल्यांच्या राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली. नेमस्त म्हणून त्यांच्यावर टीका झाली, तशीच गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून त्यांची थोरवीही गायली गेली. मात्र, ज्या दुखण्याने त्यांना पन्नाशीही गाठू दिली नाही, त्याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. मधुमेह आणि हृदयाच्या दुर्बलतेतून येणारा दमा ही त्यांच्या अखेरच्या वर्षांची सोबत होती. छातीत जडपणा वाटणे, धाप लागणे या तक्रारी अंगावर काढण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. म्हणूनच गोखल्यांचे चरित्र या अंगाने पुन्हा एकदा पाहणे उपयोगाचे ठरेल.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. त्या आठ रुपयांत भागवताना काटकसर आणि सोशिकपणा गोखल्यांच्या अंगी मुरला. स्वतःच्या गरजेसाठी दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, हा त्यांचा स्वभावच होऊन बसला. पुढे आजारपणातही हा स्वभाव बदलला नाही.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. त्यानंतर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. दरमहा ७५ रुपयांच्या वेतनावर २० वर्षे सेवा करण्याचे व्रत डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी घेतले होते. गोखल्यांनी ते निष्ठेने पाळले. याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा संबंध आला. रानड्यांच्या मार्गदर्शनाखाली सरकारी अहवाल, जमाखर्च आणि आकडेवारी यांचा त्यांनी वर्षानुवर्षे कसून अभ्यास केला. एकही आकडा पडताळून पाहिल्याशिवाय लिहायचा नाही, ही शिस्त त्यांनी गुरूंकडूनच घेतली.

छातीच्या दुखण्याशी गोखल्यांची पहिली गाठ १८९७ मध्ये पडली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते दिनशा वाच्छा यांच्यासमवेत इंग्लंडला निघाले होते. फ्रान्समधील कॅले येथे झालेल्या अपघातात त्यांच्या छातीला, हृदयाजवळ मार बसला. वेदना होत होत्या, पण सहप्रवाशांना त्रास नको म्हणून त्यांनी त्याची वाच्यता केली नाही. लंडनला पोहोचल्यावर दुखणे असह्य झाले, तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावण्यात आले. दुखापत गंभीर असल्याचे निदान झाले आणि त्यांना सक्तीने अंथरुणावर पडून राहावे लागले. श्रीमती काँग्रेव्ह या इंग्रज महिलेने त्यांची मायेने शुश्रूषा केली. बरे वाटताच गोखले आयोगापुढे गेले आणि एका तरुण प्राध्यापकाने दिलेली ती साक्ष अनुभवी मंडळींनाही थक्क करून गेली. तिच्या यशात छातीच्या दुखापतीची गोष्ट मागे पडली. आज वैद्यकशास्त्र सांगते, की छातीला मार लागल्यावर श्वास घेताना दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी तपासणी तातडीने करून घ्यावी. बरगडी, फुप्फुस किंवा हृदयाला इजा झालेली असू शकते.

हृदयविकाराचे दुसरे दर्शन गोखल्यांना आपल्या गुरूंच्या आजारात घडले. डिसेंबर १९०० मध्ये लाहोरला भरणाऱ्या सामाजिक परिषदेला जाण्याची न्यायमूर्ती रानड्यांची तयारी झाली होती. या परिषदेत त्यांनी कधी खंड पडू दिला नव्हता. मात्र हृदयविकाराने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना घरीच थांबावे लागले. त्यांनी लिहिलेले भाषण घेऊन गोखले लाहोरला गेले आणि तेथे त्यांनी ते वाचून दाखविले. त्यानंतर काही दिवसांतच, १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे हे जग सोडून गेले. ५९ वर्षे पूर्ण होण्यास दोनच दिवस उरले होते. गोखल्यांच्या डोक्यावरचे छत्र हरपले आणि गुरूंचे अपुरे राहिलेले काम आपल्या शिरावर आहे, ही भावना त्यांच्या मनात पक्की झाली.

त्या भावनेने त्यांना पुढे क्षणाचीही उसंत मिळू दिली नाही. १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते म्हणजे प्रजा सुखी आहे असे नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून सिद्ध केले. मिठावरील कराविरुद्ध त्यांनी सातत्याने आवाज उठविला. १९०३ पासून तो कर टप्प्याटप्प्याने कमी झाला. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले, तरी ते खचले नाहीत.

एकीकडे हे काम वाढत होते आणि दुसरीकडे मधुमेह शरीर पोखरत होता. त्या काळी मधुमेहावर पथ्य, विश्रांती आणि हवापालट यांपलीकडे फारसा इलाज नव्हता. इन्शुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडात लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचण्यात आले. गोखल्यांच्या दृष्टीने हा शोध सात वर्षे उशिरा लागला. वर्षानुवर्षे अनियंत्रित राहिलेला मधुमेह रक्तवाहिन्या आणि हृदय यांना हळूहळू निकामी करतो, हे आज सर्वज्ञात आहे. गोखल्यांच्या काळी हा संबंध इतका स्पष्ट झालेला नव्हता.

ऑक्टोबर १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या भेटीला गेले. टॉलस्टॉय फार्मवर जाताना स्थानकापासून सुमारे दीड मैल त्यांना पायी चालावे लागले. वाटेत पाऊस आला आणि त्यांना सर्दी झाली. नाजूक प्रकृतीच्या पाहुण्याला चालवत आणल्याची खंत गांधीजींना कायम राहिली. त्याच सुमारास सरकारी नोकऱ्यांविषयीच्या रॉयल कमिशनवर गोखल्यांची नेमणूक झाली. त्या कामासाठी हिंदुस्थानभर आणि इंग्लंडमध्ये सतत प्रवास करावा लागे. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रह पेटला, तेव्हा आजारी असतानाही त्यांनी निधी जमविण्यासाठी धडपड केली. डॉक्टर विश्रांती सांगत आणि गोखले ती पुढे ढकलत.

१९१४ च्या उन्हाळ्यात प्रकृतीसाठी ते युरोपात होते. त्याच वर्षी त्यांनी सरकारने देऊ केलेला सर हा किताब नम्रपणे नाकारला. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि गोखले फ्रान्समध्ये अडकून पडले. त्यांना भेटायला आलेले गांधीजी लंडनमध्ये वाट पाहत राहिले. पुढे दोघांची भेट झाली, तेव्हा गांधीजीच छातीच्या आजाराने बेजार होते. फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन त्यांना दुखत होते. त्यांच्यावर उपचार करणारे तरुण डॉक्टर जीवराज मेहता पुढे परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचे पहिले अधिष्ठाता आणि १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. दूध आणि धान्य घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. गांधीजी मात्र फळांवरच राहण्याचा हट्ट सोडत नव्हते. हे कळताच गोखल्यांनी डॉक्टर सांगतील तसे वागण्याची गांधीजींना गळ घातली. दुसऱ्याच्या दुखण्यात इतके दक्ष असणारे गोखले स्वतःच्या बाबतीत तितके कठोर राहू शकले नाहीत. लंडनमधील ऑक्टोबरचे धुके त्यांच्या छातीला सोसवेना, म्हणून ते मायदेशी परतले.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी पुण्यात आले. भारत सेवक समाजाच्या आवारात त्यांच्यासाठी खजूर, शेंगदाणे आणि फळे असा साधा अल्पोपाहार ठेवला होता. गोखल्यांची खोली तेथून काही पावलांवरच होती. एवढे अंतरही चालण्याची त्यांची स्थिती नव्हती, पण प्रेमापोटी ते आले आणि तेथेच त्यांना भोवळ आली. सहकाऱ्यांनी उचलून त्यांना खोलीत नेले. अशी भोवळ त्यांना पूर्वीही येत असे. शुद्धीवर येताच त्यांनी कार्यक्रम थांबवू नका, असा निरोप धाडला. हृदयाचा आजार असलेल्या माणसाला वरचेवर येणारी भोवळ हा मोठाच धोक्याचा इशारा असतो. घरचे लोक आणि खुद्द रुग्णही तिला सरावून जातात, हे तेव्हाही घडत होते आणि आजही घडते.

अखेरच्या दिवसांतही मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून हिंदुस्थानातील राजकीय सुधारणांचा आराखडा त्यांनी लिहून काढला. १९ फेब्रुवारीच्या रात्री आप्तस्वकीयांचा शांतपणे निरोप घेऊन त्यांनी प्राण सोडला. राजकारणातील त्यांचे कडवे प्रतिस्पर्धी लोकमान्य टिळक सिंहगडावरून अंत्ययात्रेसाठी तातडीने पुण्यात आले. गांधीजींना शांतिनिकेतनात तार मिळाली. शोक म्हणून ते वर्षभर अनवाणी राहिले.

गोखल्यांना जडलेला हृदयजन्य दमा म्हणजे नेमके काय? हृदयाची डावी बाजू दुर्बल झाली, की फुप्फुसांकडून येणारे रक्त पुरेशा जोराने पुढे ढकलले जात नाही. ते मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाणी झिरपू लागते. मग जिना चढताना धाप लागते, आडवे होताच श्वास कोंडतो, रात्री घाबरे होऊन जाग येते आणि उठून बसल्यावरच बरे वाटते. पायांवर सूज येते. श्वासाची घरघर ऐकून तो साधा दमा वाटतो, परंतु मूळ हृदयात असते. गोखल्यांच्या काळी डिजिटॅलिससारखी मोजकीच औषधे हाताशी होती. आज हृदयाचा आलेख, सोनोग्राफी, रक्ततपासणी, पाणी कमी करणाऱ्या गोळ्या आणि हृदयाला बळ देणारी औषधे शहरांत सहज मिळतात.

छातीतील प्रत्येक जडपणा हृदयाचाच असतो असे नाही. दमा, न्यूमोनिया, आम्लपित्त, स्नायूंचा ताण किंवा मनाची धास्ती यांनीही छाती आवळल्यासारखी वाटते. मात्र हा निवाडा घरी बसून करण्याचा नाही. छातीवर ओझे ठेवल्यासारखी वेदना काही मिनिटांत थांबली नाही, ती खांदा, हात, जबडा वा पाठीकडे सरकली, दरदरून घाम फुटला, मळमळले किंवा भोवळ आली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. बसल्या जागी धाप लागणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, दम्याचा पंप घेऊनही आराम न वाटणे ही लक्षणेही तितकीच गंभीर आहेत. एका पायाला सूज असताना अचानक श्वास लागला, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. मधुमेहींना विशेष जपायला हवे. त्यांच्यात हृदयविकाराचा झटका वेदनेविना, केवळ धाप आणि थकव्याच्या रूपाने येऊ शकतो. अशा वेळी स्वतः गाडी चालवत जाऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हृदयाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीतला रक्तप्रवाह पहिल्या काही तासांत पूर्ववत झाला, तर हृदयाचा बराच भाग वाचतो.

तीव्र त्रास नाही, पण चालण्याची नेहमीची वाटही दम लावू लागली आहे, रात्री उशा वाढवून झोपावे लागते, पायांवर सूज दिसते, अशी स्थिती असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट घ्यावी. मार्च संपू दे, मुलीची परीक्षा होऊ दे, मग बघू, असे म्हणत दिवस ढकलू नयेत.

खांदेश्वरहून निघालेल्या गर्दीच्या लोकलमध्ये कुणाच्या तरी छातीत आज जड वाटत असेल. गॅस झाला असेल अशी समजूत काढून, शेजाऱ्याला कशाला त्रास म्हणून, तो कदाचित गप्प राहील. कॅलेहून लंडनला जाताना गोखले असेच गप्प राहिले होते. त्यांच्या आजारावरची औषधे त्यांच्या काळात नव्हती. आज ती आहेत आणि त्यांचा लाभ घेण्यासाठी दुखणे वेळेवर बोलून दाखवायला हवे. यंदा १९ फेब्रुवारीला नामदारांचे स्मरण करताना घरातल्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला जिना चढताना दम लागतो का, एवढे तरी आपण आवर्जून विचारावे.