जेआरडींनी प्लग दिले, शर्यत गेली. पण इंजिन सुरू झालं

फवारणी पंपाचं इंजिन फटफट करून बंद पडलं की शेतकरी आधी प्लग खोलतो. प्लगवर काळी काजळी असेल तर कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतोय, पांढरट पडला असेल तर पेट्रोल कमी येतंय, जेटमध्ये कचरा असू शकतो. लहान विमानाच्या इंजिनाचंही तसंच. फरक एवढाच की पंप बंद पडला तर बांधावर बसता येतं, आकाशात तशी सोय नाही. अशाच इंजिनांच्या भरवशावर जेआरडी टाटा यांनी देशात विमानसेवा सुरू केली.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. आई फ्रेंच, वडील रतनजी दादाभाई टाटा. विमानाचं वेड लहानपणापासूनच. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

१९२९ मध्ये आगाखान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने विमान नेणाऱ्या भारतीयासाठी ५०० पौंडांचं बक्षीस ठेवलं. १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले. समोरून इंग्लंडहून १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर येत होता. दोघांकडेही चार सिलिंडरची जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान प्लगांसाठी अडून बसलं होतं. जेआरडींनी जवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. काही तासांच्या फरकाने अस्पी जिंकला. हाच अस्पी पुढे १९६० मध्ये हवाई दलप्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी एका इंजिनाच्या पुस मॉथमधून कराचीहून टपाल उचललं आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरवलं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. तेव्हा पेट्रोल गाळून घेणं फार महत्त्वाचं असे, कारण पाण्याचे चार थेंब कार्बोरेटरमध्ये गेले तरी इंजिन अडखळतं. पावसाळी ओल्या हवेचा धोका वेगळाच. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटरचा गळा इतका थंड पडतो की बाहेर थंडी नसतानाही आत बर्फ धरतो, इंजिन गुदमरतं. मग वैमानिक गरम हवेची कळ ओढतो. त्यात जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं. तेवढे महिने मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

याच टपालसेवेची १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. १९५३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, तरी अध्यक्षपदी जेआरडीच राहिले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी लहानशा लेपर्ड मॉथमधून कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

शर्यतीचं बक्षीस त्यांना मिळालं नाही. पण वाटेत अडकलेल्याला आपल्याजवळचा सुटा भाग काढून देणारा माणूस म्हणून अबुकीरची ती गोष्ट आजही त्यांच्या नावाने सांगितली जाते.